हुकलेल्या पेनल्टीचा आवाज

११ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू घाबरला असशील तर आधी हे वाच. बाबा आहेत. बरे आहेत, म्हणजे होते तसेच आहेत. थोडंफार बोलतात. धावत यायचं काही कारण नाही.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचतोस की नाही ते कळत नाही. कागद फेकायचा तरी हातात धरावा लागतो, म्हणून कागद. दुकानात मागच्या काउंटरवर बसून लिहिते आहे. समोर एक आजोबा नवा चष्मा लावून आरशात बघताहेत. नंबर बरोबर आहे, काचा बरोबर आहेत, पण इतकं स्पष्ट दिसेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तू पाठवलेली चाकाची खुर्ची पोचली. बरोबर चिठ्ठी नव्हती, पण आपल्या घरी खुर्ची पाठवणारं दुसरं आहे कोण? खुर्ची चांगली आहे. फक्त न्हाणीघराच्या दारात दोन बोटं अडते. तिथपर्यंत खुर्ची, तिथून पुढे मी.

आता मुद्द्याचं. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात एक पोट सुटलेला माणूस आणि बॉबकट केलेली एक मुलगी. माणूस म्हणाला, "आम्ही सुवर्ण चषकवाले." मला वाटलं काहीतरी विकायला आलेत. मी दार लावणार होते, तेवढ्यात तो म्हणाला, "गेम हो ताई. फुटबॉलचा. सरांच्या आवाजातला."

दार तेव्हाच लावायला हवं होतं, असं तू म्हणशील. पण त्या माणसाने आत खाटेवर बाबांना पाहिलं आणि देवळात आल्यासारखा चपला काढून उभा राहिला. मग मी दारातून बाजूला झाले.

तो एका लॅबमध्ये कवळ्या बनवतो. मी मनात त्याला दातवाला म्हणते. बॉबकट कुठल्याशा ऑफिसात प्रोग्रॅम लिहिते. गेम आला तेव्हा ती पाळण्यात होती, तरी तिला तो पाठ आहे. असे ठिकठिकाणचे बरेच जण आहेत म्हणे. ज्या कंपनीने गेम काढला ती कधीच बंद पडली, हक्क कुणाकडे आहेत ते कुणालाच धड ठाऊक नाही, आणि नव्या कॉम्प्युटरवर तो चालत नाही. म्हणून या लोकांनी सुट्टीच्या दिवशी बसून तो आतून उकलला आणि पुन्हा उभा केला. खोक्यांसारखे दिसणारे खेळाडू आता माणसांसारखे दिसतात. पाऊस पडला की गवत निसरडं होतं. बायकांचे संघही घातले आहेत. पैसे कुणालाच मिळत नाहीत, मिळायचेही नाहीत.

"सगळं नवं केलं, पण एका गोष्टीला हात लावायचा नाही असं ठरलंय," दातवाला म्हणाला. "सरांचा आवाज." त्यासाठी ते परवानगी मागायला आले होते. न मागता वापरला असता तरी त्यांना कोण अडवणार होतं?

मी चहा टाकला. चहा घेता घेता तो खुलला आणि मला तीच गोष्ट सांगायला लागला. कुठली ते तुला कळलंच असेल.

"तुम्हाला माहीत असेलच ना ताई? स्पर्धेची फायनल. कुणीतरी एक नवखा पोरगा, पेनल्टी मारायला आला, आणि मारली ती थेट बारवरून प्रेक्षकांत! आणि सर रेडिओवर काय म्हणाले असतील? 'आज पाय घरीच विसरून आलाय वाटतं!' अख्खं गाव हसलं हो. कंपनीने ते वाक्य मुद्दाम गेममध्ये घेतलं. आम्ही शाळेत कुणी काही चुकलं की हेच ओरडायचो."

"पोराचं काय झालं पुढे?" बॉबकटने विचारलं.

"कुणाला माहीत," तो म्हणाला. "असेल कुठेतरी."

मी बिस्किटांची बशी पुढे केली.

त्यांना मी सांगितलंय की सही माझ्या एकटीची चालणार नाही, भावाला विचारावं लागेल. म्हणून विचारते आहे. एका शब्दात कळव, हो की नाही. ते वाक्य राहू द्यायचं की काढायचं, तेही.

ताई


२ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करणाऱ्या माणसाला पत्र लिहायला सवड कुठून मिळणार, असं मी स्वतःला समजावते आहे. अजून तेच काम करतोस ना?

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबा थोडंफार बोलतात. ते तसं नाहीये. झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं, हे आत्याने तुला कळवलं असेल. समजतं त्यांना सगळं. बातम्या ऐकतात, हसतात, चिडतात. पण तोंडातून शब्द येत नाही. 'नाही' येतं, पण ते होकारालाही 'नाही'च असतं. चहा हवा का, नाही. नको का, नाही. मी दोन्ही समोर ठेवते, भरलेला कपही आणि रिकामाही, बोट दाखवतील ते.

आणि दुसरं एक अख्खं वाक्य येतं. स्वच्छ, ठणठणीत, जुन्या आवाजात. ते कुठलं, हे लिहायला माझा हात वळत नाहीये.

तेच वाक्य, धाकट्या.

बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात. त्या म्हणाल्या, असं होतं. जे वाक्य आयुष्यभर घासून घासून गुळगुळीत झालेलं असतं ते मेंदूत वेगळ्या जागी जाऊन बसतं, ते उरतं. आणि हे वाक्य काय कमी घासलं गेलंय? लोकांच्या लग्नात म्हणायला लावलं, दुकानांच्या उद्घाटनांना म्हणायला लावलं. तू घर सोडून गेलास तरी ते म्हणतच राहिले, कारण लोक मागत राहिले. आता तहान लागली की ते म्हणतात. अंथरूण ओलं झालं की म्हणतात. आईच्या फोटोकडे बघून डोळे भरून येतात तेव्हाही तोंडातून तेच निघतं, आणि मग ते स्वतःच तोंड भिंतीकडे फिरवतात. त्यांना ऐकू येतं ते काय बोलले ते.

परवा न्हाणीघरातून उचलून आणताना माझा पाय सरकला. दोघं बसलो दारात. तेव्हाही म्हणाले. मला हसू आलं. खरंच आलं. मग थांबेना.

तुला हे कळवायचं नव्हतं. म्हणूनच पहिल्या पत्रात ते 'थोडंफार'.

रविवारी ते दोघं परत आले. नव्या खेळाडूंची नावं बाबांनी कधी उच्चारलेली नाहीत, तर ती त्यांच्या आवाजात कशी आणायची हा त्यांचा पेच होता. बॉबकटने जुन्या आवाजावरून कॉम्प्युटरला शिकवलंय. तिने लॅपटॉपवर ऐकवलं. आत्ता खेळणाऱ्या एका मुलीचं नाव बाबा घेत होते, "डावीकडून घुसली, दोघींना चकवलं, काय चाल आहे!" बाबांनी तिचा खेळ फक्त या खाटेवरून पाहिलाय, धाकट्या, तोंडाने एक अक्षर न काढता. मी काहीतरी निमित्त काढून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. वर्ष होत आलं, त्या एका वाक्याखेरीज त्यांचा भरदार आवाज घरात ऐकला नव्हता.

बॉबकट माझ्यामागे आली. चांगली मुलगी आहे. म्हणाली, "ताई, तुम्हाला काही ऐकायचं असेल तर टाइप करा. कुठलंही वाक्य म्हणतो तो."

मी काय टाइप केलं असेल? माझ्यासाठी नाही केलं. तुझ्यासाठी केलं. मला वाटलं, हे रेकॉर्ड करून पाठवलं तर तू उचलशील फोन. मी लिहिलं, 'बाळा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं.' आणि बटण दाबलं.

त्या कॉम्प्युटरला बाबांचा फक्त मैदानावरचा आवाज माहीत आहे ना. "बाळा!!! माझं चुकलं!!!" गोल झाल्यासारखं. मागे प्रेक्षकांचा गलका. स्वयंपाकघर दणाणलं.

बाहेर बाबा जागे होते. ऐकलं त्यांनी. मी जाऊन बघितलं तर माझ्याकडे असे बघत होते, जसे तू आणि मी लहानपणी काही फोडलं की बघायचे.

मी ते पुसून टाकायला लावलं. माफी त्यांची आहे, मागितली तर तेच मागतील. मी थकलेय म्हणून ती परस्पर कुणाकडून करवून घेणं बरोबर नाही. पण तुझ्यापासून लपवून ठेवणंही बरं वाटेना.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. 'काय करायचं ते करा. वाक्य ठेवलं काय, काढलं काय, मला फरक पडत नाही.' सही नाही, पण अक्षर अजून तसंच आहे, 'ळ' तर अगदी आईसारखा.

फरक पडत नाही असं लिहायला तुला माझी दोन पत्रं वाचावी लागली, एवढं मी धरून चालते.

दातवाल्याला मी सांगून टाकलं. तो बाबांच्या खाटेसमोर टीव्हीला वायर जोडत होता, तेव्हा मी म्हणाले, "तो पेनल्टीवाला पोरगा माझा भाऊ." तो वायर हातात धरून तसाच बसून राहिला. म्हणाला, "म्हणजे सरांचा मुलगा?" जसं काही भाऊ माझा आणि मुलगा दुसऱ्या कुणाचा असणार होता. मग म्हणाला, "आम्हाला कधी वाटलंच नाही हो, की तो खराखुरा कुणीतरी असेल."

बॉबकट म्हणाली, काढूया. दातवाला म्हणाला, काढलं तर सगळे आपल्याला खातील, गेमची ओळखच ती आहे. मग स्वतःच म्हणाला, "खाऊ देत." मग दोघं माझ्या स्वयंपाकघरात भांडत बसले. मला भांडण ऐकायचं त्राण नव्हतं. म्हटलं, बाबांना विचारा, आवाज त्यांचा आहे. दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू बिचारीचं डोकं चालेनासं झालंय.

तसंही असेल.

ताई


१४ एप्रिल

धाकट्या,

आज जरा सविस्तर लिहिते. घरी बसूनच लिहिते आहे, कारण दातवाला आलाय आणि बाबांजवळ बसलाय. मला तासभर कुणी हाक मारणार नाही.

झालं असं. दातवाल्याने गेम बाबांच्या समोरच्या टीव्हीला जोडून दिला. दर रविवारी येऊन तो बाबांच्या शेजारी बसून खेळतो. गेम तपासायचाच असतो म्हणे, इथे तपासला काय, तिथे तपासला काय. पहिल्या रविवारी बाबा नुसते ऐकत होते. स्वतःचाच आवाज, पंचवीस वर्षांनी तरुण. मला वाटलं, त्रास होईल, बंद करायला सांगावं. तेवढ्यात त्यांचे ओठ हलायला लागले.

टीव्हीतले बाबा म्हणाले, "चेंडू मध्यभागी." खाटेवरचे बाबा त्याच्या पाठोपाठ, तोंड वाकडं करून, "...भागी."

मी बोलायला शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रोज लावा! एकट्याने जे येत नाही ते दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून कधी कधी येतं. इथे तर दुसरा माणूसही तेच आहेत. आता रोज दुपारी अर्धा तास गेम चालतो. 'चेंडू' येतो. 'डावीकडून' येतो, 'उजवीकडून' येत नाही. 'पंच' स्वच्छ येतो, कारण पंचांवर त्यांचा पहिल्यापासून राग. गेल्या आठवड्यात मी औषध घेऊन गेले तर मला बघून म्हणाले, "पंच." बरोबरच आहे. घरात शिट्टी मारणारी मीच.

सगळं गोड गोड आहे असं समजू नकोस. बाकीचा दिवस तसाच आहे. उचला, पुसा, बदला, भरवा. माझी पाठ गेलीय. दुकानात मी आता अर्धाच दिवस जाते आणि त्यातही परवा एका बाईंना डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहून दिला. मालकांनी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता मागच्या रविवारचं सांगते. मी दारात उभी होते, टॉवेल हातात. दातवाल्याला गेममध्ये पेनल्टी मिळाली. वाक्य काढायचं की ठेवायचं हे अजून ठरलेलं नव्हतं, आणि तो इतका खेळात रंगला होता की पुढे काय ऐकू येणार हे त्याच्या लक्षातच आलं नाही. त्याने मारली. बारवरून गेली. आणि टीव्हीतून ते वाक्य आलं, आहे तसं, त्या हसण्यासकट.

मला वाटलं, आता बाबाही म्हणतील. तेवढं एकच तर त्यांना अडखळल्याशिवाय येतं. ते सुरात सूर न मिसळताही येतं.

ते तोंड मिटून बसले. धाकट्या, मी बघत होते. जबडा थरथरत होता. ते वाक्य आतून ढकलत होतं आणि ते त्याला दाताखाली धरून होते. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. दातवाल्याने घाबरून खेळ थांबवला. मग बाबांचा डावा हात वर गेला, पंजा आडवा, चेंडू कुठून गेला ते दाखवल्यासारखा. आणि म्हणाले, "थो... थोडा."

मी खाटेपाशी गेले.

"उंच," बाबा म्हणाले. "थोडा उंच."

एवढंच. पेनल्टी हुकली तेव्हा जे दिसलं ते. चेंडू थोडा उंच गेला. कुठल्याही समालोचकाने म्हणावं असं साधं वाक्य, आणि त्यांना घाम फुटला होता.

मी याचा अर्थ तुला लावून देणार नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणतील, शब्द सापडला. दातवाला रडत होता, पण त्याचं काय, तो खेळाडूंचे गुडघे नीट वाकायला लागले तेव्हाही रडला होता. मी टॉवेलने बाबांचं कपाळ पुसलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि परत म्हणाले, "थोडा उंच." मला नाही, दाराकडे बघून. मी दारापासून सरकले होते, तरी दाराकडेच.

दातवाल्याला आणि बॉबकटला ते रेकॉर्ड करून जुन्या वाक्याच्या जागी घालायचंय. आत्ताचा आवाज, अडखळणारा, तसाच. मी बाबांना विचारलं, "घालू दे?" ते म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "नको घालू?" ते म्हणाले, "नाही." मग स्वतःच हसायला लागले आणि डाव्या हाताने दातवाल्याच्या पोटात चापट मारली. आम्ही तो होकार धरला.

तुझा होकार हवाय. कार्डावरचा नाही, खरा.

ताई


२३ जून

धाकट्या,

सुखरूप पोचलास का ते कळवलं नाहीस, म्हणजे सगळं पूर्वपदावर आलं असं समजते.

होकाराचा तुझा एक शब्द आला तेवढाच पुष्कळ होता, तू येऊन गेलास ते अजून मला खरं वाटत नाही. दारात बघून पहिलं मनात आलं ते असं, की किती टक्कल पडलंय. बाबांनी तुला आधी व्यायाम करून घेणारा नवा माणूस समजून निमूटपणे पाय पुढे केला, आणि तू काही न बोलता तो दाबत बसलास. मी ओरडणार होते, बाबा, हा कोण आहे बघा तरी. पण तुम्ही दोघंही इतके निवांत होतात की मी तोंड बंद ठेवलं. त्यांना कधी कळलं ते मला नक्की सांगता येणार नाही. पण मधेच त्यांचा पाय मागे गेला आणि हात पुढे आला.

दातवाल्याने तुझ्या हातात गेमचं यंत्र द्यायला नको होतं. 'नको' म्हणालास ते बरं केलंस. तो म्हणाला, मग मी मारतो, आणि मारली, आणि बारवरून घालवली. मुद्दाम की चुकून, ते त्याचं त्याला ठाऊक. टीव्हीतून बाबांचा आत्ताचा आवाज आला, "थो... थोडा उंच." खाटेवर बाबा तुझ्याकडे बघत होते. आणि तू म्हणालास,

"थोडा? चांगला दोन हात उंच होता!"

बाबांना इतकं हसताना मी झटक्यानंतर पाहिलं नव्हतं. ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. तूही हसत होतास. दातवाल्याला काही कळेना की हसावं की पाणी आणावं.

गेम गेल्या आठवड्यात सगळ्यांसाठी खुला झाला. बॉबकट सांगते, लोक तुटून पडलेत आणि तितकेच शिव्याही देताहेत. हा कोण म्हातारा, जुनं वाक्य परत आणा. काहींनी ते स्वतःच परत घालूनही घेतलंय. तिने मला समजावलं की ते थांबवता येत नाही. मी म्हटलं, जाऊ दे. ज्याला जे ऐकायचंय ते तो ऐकणार.

बाबांना परवा पुन्हा ताप येऊन गेला. शब्द थोडे मागे गेलेत. 'डावीकडून' हरवलं. बाई म्हणतात, असं मागेपुढे चालायचंच.

आता एक शेवटचं, आणि हे लिहायला मला चार पत्रं लागली. मी तुला आवाजाबद्दल विचारलं, वाक्याबद्दल विचारलं, सहीबद्दल विचारलं. ते सगळं खरं होतं. पण जे विचारायचं होतं ते विचारलंच नाही.

तू आलास त्या दुपारी मी आतल्या खोलीत पडले ती संध्याकाळपर्यंत. तुम्ही काय बोललात, बाबांना कुणी उचललं, न्हाणीघरात कसं नेलंस, मला काही माहीत नाही. उठले तेव्हा क्षणभर कळेना मी कुठे आहे. इतकी गाढ झोप मला आई गेल्यापासून लागली नव्हती. बाहेर येऊन बघते तर तू बाबांची नखं कापत होतास आणि ते हात सैल सोडून बसले होते.

तुम्हा दोघांचं मिटलं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मिटलं नसेल तरी चालेल, माझी त्यात मध्यस्थी नाही. पण महिन्यातून एकदा ये. दोन दिवस. बाबांसाठी नको येऊस. मला झोपायचं असतं, म्हणून ये.

ताई